माझं तेवढं वजा

२ तारीख
आज कामावर लागले. जुन्या खाणीत लिफ्टने पार खाली जायचं. लिफ्टवाले काका म्हणाले, पोरी, खाली ऊन नाही, मोबाइल नाही, सासू नाही, स्वर्गच म्हण. पोट धरून हसले. तिथं एक मशीन आहे. ते कसल्याशा कणाचं वजन काढतं. मॅडम म्हणाल्या, तो कण आपल्या अंगातून आरपार जातो, पत्ताही लागत नाही. पण धूळ, घाम, बोटाचे ठसे, सगळ्याने मशीनला खोटी चाहूल लागते. म्हणून मी पुसायचं. हे बोटीवर असतात, त्यामुळे गुंड्याला घरी नणंदेपाशी ठेवलं. घरी आल्या आल्या अंगावर प्याला नि झोपला.

९ तारीख
मॅडमनी मला दिवसभर मशीनशेजारी बसवलं. माणसाच्या अंगातूनही काहीतरी बारीक सुटत असतं म्हणे, खाण्यापिण्यातून आलेलं. माझं किती ते मशीनला शिकवलं. आता मी आत गेले की कॉम्प्युटर माझं तेवढं वजा करणार. म्हटलं, करा बापडे, माझं काय जातंय.

१४ तारीख
काकांनी मला खालीच ठेवून लिफ्ट वर नेली. नंतर म्हणाले, कुणी दिसलंच नाही गं. वय झालं त्यांचं.

१७ तारीख
मॅडमना हाका मारल्या. मान वर केली नाही. मग दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, मशीन आता किती स्वच्छ ऐकतंय, खोलीत कुणी नसल्यासारखं. त्या दोघींच्या मधे मी फडकं घेऊन उभी होते.

२० तारीख
नणंदेने जेवायला एकच ताट घेतलं, स्वतःचं. फोनवर ह्यांना सांगत होती, दादा, वहिनी पोराला टाकून गेली रे. मी तिचा हात धरला. माशी बसल्यासारखा झटकला तिने.

२१ तारीख
गुंड्या मात्र मला बघून हसला. पोटभर प्याला. दुसरं कुणी नको मला. हा पुरे.

२३ तारीख
कामावर जात नाही. त्याला घेऊन बसते. नणंद आज त्याला आंघोळ घालायची विसरली. कामाचा रगाडा असेल.

२४ तारीख
तो रडत होता. ती शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. वळली नाही—
खाण्यापिण्यातून, म्हणाल्या होत्या मॅडम. माझं दूध— माझं तेच ह्याच्या अंगात—

२५ तारीख
पाजलं नाही. बाटली तोंडात घेत नाही. टाहो फोडतोय.
नणंदेने शेजारणीला पाळणा देऊन टाकला. म्हणाली, घरात मूल नाही, उगाच अडगळ—
आवाज बसला त्याचा. माझ्याकडे हात करतोय.
पाजलं तर— नाही पाजलं तर—
झोंबतोय छातीला, मी कशी