कोपरा दुमडलेली चिठ्ठी

बाई, परवा मंगळवारी तुमचं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि वाया गेलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आज समोर आलात तर माझी नात शोभाल. मी सत्याहत्तर वर्षांची आहे आणि तुम्ही आपल्या तिशीतच. तरी लिहिताना मी पाठ ताठ करून बसले आहे, कारण पोक काढून बसलेलं तुम्हाला खपत नसे.

मी परळच्या एका म्युनिसिपालटीच्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. नोकरी कधीच संपली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिथे आता मुलांना टॅब्लेट दिलेत. तुम्हाला कसं सांगू? पाटीएवढी काच असते, तिच्यावर चित्रं हलतात, आणि तिच्यावरच गणिताचे खेळ असतात. उत्तर बरोबर आलं की एक यान आकाशात पुढे सरकतं, चुकलं की जागेवर थांबतं. वर्गातल्या तरुण टीचर मला म्हणाल्या, "आजी, ह्यात गंमत अशी आहे की कोणाला काय येतं ते गेम आपोआप ओळखतो. कच्च्या मुलाला सोपं गणित देतो. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही." मी म्हटलं, "त्या मुलाला कळतं." त्यांना वाटलं, म्हातारीला नवं काही पटत नाही. खरं तर तो खेळ पाहताना मला आपली ट्राम आठवत होती.

लालबागच्या शाळेतली तिसरी इयत्ता. शनिवारी सकाळची शाळा, शेवटच्या तासाला तुम्ही व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने ट्रामचा रस्ता काढता आहात. लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, असं करत गिरगाव आणि शेवटी चौपाटी, एकूण वीस घरं. निऱ्या वर खोचून तुम्ही उकिडव्या बसलेल्या, कोपरापर्यंत खडू. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीत एक गणित. बरोबर आलं तर एक घर पुढे, चुकलं तर आहे तिथेच. तास संपायला आला की चाळीस मुली मोर्च्यात ऐकलेल्या सुरात ओरडायच्या, "आणखी एक डाव, झालाच पाहिजे!" एकदा ते ऐकून मोठ्या बाई चष्मा सावरत धावत आल्या, त्यांना वाटलं, मोर्चाच शाळेत शिरला. तुम्ही पदराआड हसत होतात, ते मी पाहिलंय.

मी त्या वर्गात उशिरा आले. गिरणगावात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, तेव्हा बाबांनी आईला आणि मला बोटीने गावाला धाडलं. "शाळा खंय पळान जाता? आधी जीव," असं म्हणाले. ते स्वतः गिरणीसाठी आणि मोर्च्यांसाठी इथेच राहिले. आम्ही गणपती करून दिवाळीच्या तोंडावर परत आलो, तोवर वर्ग पाढ्यांच्या गाडीतून पार पुढे निघून गेला होता. मला दहाच्या वरचं काही येत नव्हतं, आणि तोंड उघडलं की मालवणी यायची, त्यावर मुली फिदीफिदी हसायच्या. पहिल्या शनिवारी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "ये गं, तुझीही ट्राम आहे." मला त्या वेळी तुमच्याइतकं जगात कोणीच आवडत नव्हतं.

बाकीच्या मुली डब्यात हात घालून चिठ्ठी काढायच्या. माझी पाळी आली की डबा तुम्ही हातात घ्यायचात, खडखडवायचात आणि स्वतः चिठ्ठी काढून द्यायचात. मला वाटायचं, हा माझा मान आहे. चिठ्ठीत असायचं चार दुणे किती, नंतर कधीतरी सात सक किती. माझी ट्राम हलू लागली. सकाळी बाबा दाढी करताना माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे, मी अडले की वस्तरा हवेत थांबायचा. भायखळ्यापर्यंत पोचले त्या दिवशी मी चाळीत सगळ्यांना सांगितलं, मी भायखळ्याला गेले होते. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "एकटीक कशाक धाडलंस?"

मार्चमधला तो शनिवार. मी आणि वर्गातली पहिली येणारी मुलगी, दोघी चौपाटीच्या अलीकडच्या घरात उभ्या होतो. तिला दिडकीतलं, म्हणजे दीडच्या पाढ्यातलं, गणित आलं, ती अडली. माझी पाळी आली, तुम्ही डबा हातात घेतलात. मी चिठ्ठी उघडली, उत्तर दिलं, साडेएकतीस, आणि उडी मारून चौपाटीवर गेले. तुम्ही तुमची स्वतःची पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, वह्या तपासायची, माझ्या हातात ठेवलीत. वर्गात कोणालाही तिला हात लावू देत नसायचात. मग ती पहिली येणारी मुलगी म्हणाली, "हिच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला आहे. नेहमीच असतो. बाई हिला सोपं देतात." मागून कोणीतरी म्हणालं, "कच्चा लिंबू!" आणि सगळा व्हरांडा ते म्हणू लागला.

चाळीतल्या खेळात शेंबड्या पोरांना कच्चा लिंबू करतात. त्यांना खेळायला घेतात, पण ती बाद होत नाहीत, म्हणून जिंकतही नाहीत. मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या नाकावर राग होता. मी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "तुमी माका कच्चो लिंबू केलात. माका नको तुमचा बक्षीस." तुम्ही रागावला नाहीत, निदान आवाजावरून तरी नाही. म्हणालात, "चिठ्ठी परत वाच." मी म्हटलं, वाचलीय. "नीट वाच," तुम्ही म्हणालात, आणि मी दप्तर उचलून निघाले.

त्यानंतर दर शनिवारी माझं पोट दुखू लागलं. मी वर्गात बसायचे आणि व्हरांड्यातून ट्रामचा गलका ऐकायचे. तुम्ही सोमवार ते शुक्रवार माझ्याशी इतरांसारख्याच वागलात, तेच मला लागलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कळलं की तुमची गिरगावच्या शाळेत बदली झाली. गिरगाव म्हणजे आपल्या खडूच्या रस्त्यावरचं चौपाटीअलीकडचं घर. खऱ्या ट्रामनेही जाता आलं असतं. मी गेले नाही.

गेले ती एकदम नोकरीचं पत्र हातात आल्यावर. पेढ्यांचा पुडा घेऊन तुमची वाडी शोधली, तीन जिने चढले. दार तुमच्या जावेने उघडलं. मी तुमचं नाव घेतलं. "अगं, तिला जाऊन दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या, आणि मला पाणी दिलं. मग आपणहून सांगू लागल्या: "शुक्रवारी रात्री जेवणं झाली की चिठ्ठ्या लिहीत बसायची. मधे एका मुलीच्या वेगळ्या लिहायची. मी म्हणायचे, चाळीस पोरींत एकीसाठी एवढा कुटाणा कशाला? तर म्हणायची, ती गाडी चुकलेली आहे, चढेपर्यंत हात द्यायचा." मी पुडा तसाच परत आणला आणि चाळीत वाटला. नोकरीचे पेढे म्हणून सगळ्यांनी गोड मानून घेतले.

बाई, ही गोष्ट मी जन्मभर सांगत आले. शिक्षकांच्या बैठकांत, निरोपसमारंभात. सांगायची पद्धतही ठरून गेली होती. मी म्हणायचे, पुढे स्वतः शिक्षिका झाले, स्वतः चिठ्ठ्या लिहायला बसले, तेव्हा मला उमगलं की त्या शेवटच्या चिठ्ठीत नऊ वेळा साडेतीन होतं. औटकी. दिडकीहून अवघड, वर्गात दुसऱ्या कोणालाही न येणारी; मला ती बाबांच्या दाढीच्या वेळी पाठ झालेली. बाईंनी आठवड्या-आठवड्याला माझी गणितं एकेक पायरी वर नेली होती आणि त्या दिवशी मी खरीच जिंकले होते. मी दुमडलेला कोपरा बघितला, गणित बघितलंच नाही. इथे लोक डोळे पुसायचे. टाळ्याही व्हायच्या.

आणि परवा काय झालं ते ऐका. शीव कोळीवाड्याहून येणारी एक मुलगी आहे, चौथीतली, घरी आजारपण झालं म्हणून तिचे चार महिने बुडालेत. तिच्या काचेच्या कोपऱ्यात एक हिरवं पान दिसतं. सोपी गणितं चालू असली की ते येतं. तिने इकडच्या तिकडच्या काचा पाहिल्या आणि मला म्हणाली, "आजी, माझ्याकडेच पान का? मला बेबीवाला गेम दिलाय ना?" तिने टॅब्लेट उलटा ठेवला. आणि मी, शहाणी, तुमच्या आवाजात म्हणाले, "गणित परत वाच." तिने टॅब्लेट सुलटा केला, वाचलं आणि म्हणाली, "वाचलं. सोपंच आहे." ते खरंच सोपं होतं. ती उठून खिडकीपाशी जाऊन बसली.

उद्या शुक्रवार आहे. तिच्याशेजारी जाऊन बसायचं ठरवलंय. हो, सोपं दिलंय, का दिलंय, किती दिवस देणार, सगळं सांगणार आहे. रुसली तर रुसू दे, मी उठणार नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते टेबलाच्या खणातच राहील. म्हणूनच बैठकांत कधी सांगितलं नाही ते इथे लिहून टाकते. ती चिठ्ठी मी त्याच दिवशी परत वाचली होती. निघताना ती माझ्या मुठीत होती आणि खालच्या जिन्यात मी ती उलगडली. घाईत उत्तर दिलेलं ते गणित औटकीचं, तिच्या दिडकीहून अवघड होतं, हे मला तिथेच कळलं. तरी वर आले नाही. तुम्ही समजूत काढायला खाली याल असं वाटत होतं, म्हणून शाळा रिकामी होईपर्यंत मी कठड्याला धरून उभी राहिले. तुम्ही पलीकडच्या जिन्याने उतरून गेलात. मी तिथे आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं.