बैठकीतला बिबट्या

चि. दादाभाऊ,

तुला आणि मंगलला अनेक आशीर्वाद. मंगलचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नकोस. आम्ही पिंपळवंडीत सगळे बरे आहोत (तुझे दाजी सोडून, त्यांचं पुढं येतंच). नव्या घराची बैठक आतून कशी सजवावी, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण मी फोन धरला की दाजी शेजारी येऊन बसतात.

आमच्या सुनेनं, अक्षदानं, मोबाईलवर बघून ठरवलं की बैठकीची एक भिंत उठून दिसावी आणि बाकीच्या साध्या पांढऱ्या असाव्यात. (पटण्यासारखं आहे. आमच्या चार भिंतींना चार रंग होते, वर कॅलेंडरं.) तिनं मला विचारलंसुद्धा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, भिंत कशी हवी हे मला या घरात पहिल्यांदाच कोणी विचारलं. मग नारायणगावाहून माणूस आला आणि भिंतभर कागद चिकटवून गेला. हिरवागार ऊस, आणि उसातून बाहेर येणारा बिबट्या, अगदी खऱ्याएवढा. समोर मोठी काचेची खिडकी. पडदा शिवायचा राहिला होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला दाजी त्या भिंतीखालच्या सोफ्यावर आडवे झाले. शेजारच्या चिमाबाई ताक न्यायला आल्या, त्यांनी अंगणातूनच काचेतून पाहिलं. बघता बघता आळी जमली, काठ्या, डबे, जानकूकडं तर फटाके. "रखमाजी, हलू नका. बिबट्या हाय." दाजींनी भिंतीवरचा बिबट्या दुपारीच पाहिला होता, पण एवढी माणसं सांगतायत म्हटल्यावर त्यांना वाटलं, दुसरा आलाय. डोळे मिटून लाकडासारखे पडून राहिले.

आम्ही दोघी मागं स्वयंपाकघरात, मिक्सर चालू. मी चहा घेऊन बैठकीत आले तर बाहेरून सगळे हात हलवतायत. मला वाटलं, चहा नको म्हणतायत. बिबट्याच्या नाकावर कागद चिकटवायची खळ राहिली होती, ती पदरानं पुसली. तशा चिमाबाई अंगणातच मटकन खाली बसल्या आणि जानकूच्या हातून माळ पेटली. दाजी सोफ्यावरून उठले ते थेट न्हाणीघरात, आतून कडी. वनखात्याची जीप आल्यावर बाहेर आले. साहेबांनी भिंत नीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "कागद कुठनं आणला?"

साहेब गेले, आणि दाजी अक्षदाला म्हणाले, "उद्या ही भित पांढरी दिसली पायजे. लई हसू झालं माझं." पोरगी स्टुलावर चढून कागदाचा कोपरा नखानं सोडवायला लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, "खाली उतर, अक्षदा. आणि तुम्हाला पांढरी बघायची असंल तर समोरच्या भितीकडं तोंड करून बसा. ही ऱ्हाईल." दाजींनी मग भाकरी खाल्ली, समोरच्या भिंतीकडं तोंड करून.

तेव्हा माझा सल्ला एवढाच, की आधी पडदा शिवून घ्या, कागद मागाहून.

तुझी,
जयाअक्का

ता. क. दाजी रुसलेत, चार दिवसांनी तुझ्याकडं मुक्कामाला येतायत. आठवडाभर तरी सोडू नकोस. द्राक्षबाग दाखव, टोमॅटोचा बाजार दाखव, काहीही दाखव.

आणखी एक. तेवढ्यात आमच्या झोपायच्या खोलीचं काम उरकतं, असं तो माणूस म्हणाला. तिथं समुद्र लावायचाय. मीच सांगितलाय. अजून कुठं पाहिलाय मी.