नैवेद्याआधीची चव

अप्पा, आज सकाळी मी आपल्या खानावळीचा विमा काढला. तुम्ही असतात तर हे वाक्य पुरं व्हायच्या आत पंचा झटकून उठून गेला असतात, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहिलं. आता तिला खानावळ म्हणणारे मी आणि काका एवढेच उरलोय. बाहेरच्या पाटीवर रेस्टॉरंट असं लिहिलंय. खाली टेबलं आहेत, पाट मांडून पंगत फक्त वरच्या मजल्यावर, तीही कुणी आधी कळवलं तर. काशीच्या रामघाटावरून महाराष्ट्रातली मंडळी अजून येतात, पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर बंगाली असतात, गोरे असतात, युनिव्हर्सिटीतली पोरं साबुदाणा वडे खायला येतात आणि वर दही मागतात. स्वयंपाक तुमच्या चुलत भावाच्या, काकांच्याच हातात आहे. तो सोवळ्यात होतो, कुणी चाखत नाही, पहिलं ताट अन्नपूर्णेपुढे जातं आणि मगच पानं वाढली जातात. त्यातलं मी काही बदललं नव्हतं. आजपर्यंत.

विम्याचा एजंट गेल्या आठवड्यात आला होता. पन्नाशीचा, तोंडात पान, माणूस सज्जन. तुमच्या फोटोखालच्या बाकावर बसून त्याने एकेक गोष्ट समजावली. आगीचा विमा, त्यात गॅसचा स्फोटही आला. पुराचा. चोरीचा. कामगार भाजला, पडला तर त्याचा. आणि शेवटी, गिऱ्हाईकाला आपल्यामुळे काही झालं तर त्याचा. त्यातही दोन भाग. कुणी जिन्यावरून घसरलं तर एक, आणि आपलं अन्न बाधलं तर दुसरा, तो मुद्दाम वेगळा मागून घ्यावा लागतो. सगळं घेतलं तर हप्ता मला झेपत नव्हता. आग आणि कामगार सोडायचे नाहीत हे माझं ठरलेलं होतं, कारण काकांच्या हातावरचा तेलाने भाजल्याचा डाग मी रोज बघते. चोरीचं मी हसण्यावारी नेलं. उरला पूर आणि अन्न, दोन्हींतलं एकच परवडणार होतं.

त्याला वाटलं, प्रश्नच नाही. गंगेकाठचं हॉटेल, पूर नाही घेणार तर काय घेणार? इथल्या गल्ल्यांत पाणी शिरतं हे त्याला मी सांगायला नको होतं. पण अप्पा, पाणी सांगून येतं. श्रावणात तुम्ही रोज पहाटे घाटावर जाऊन पाणी कुठवर चढलंय ते बघून यायचात आणि आल्या आल्या आम्हाला कामाला लावायचात. आधी तांदळाची पिंपं वर, मग डाळी, मग तांब्याची भांडी, शेवटी पाट. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत खाली फक्त दगडी फरशी उरायची. मी अजून तसंच करते. टेबलं लोखंडी घेतली ती याच हिशेबाने, फ्रीज पहिल्या मजल्यावर आहे. त्यामुळे मी त्याला म्हटलं, पूर राहू द्या, अन्नाचं लिहा.

त्याने पानाची पिंक टाकायला गल्लीत तोंड काढलं, परत आला आणि समजूत घालावी तसं म्हणाला, "दीदी, खाने वाला काहे ले रही हैं? काशी में कौन केस करता है? यहाँ तो आदमी मरने ही आता है."

तुमचंच वाक्य होतं ते. मी शाळेत असताना एक विमेवाला आला होता, त्याला तुम्ही मराठीत हेच ऐकवलं होतंत आणि ओसरीवरचे सगळे हसले होते. तो बिचाराही हसला आणि ताक पिऊन गेला. मीही तेव्हा हसले होते. यावेळी मला हसू आलं नाही, कारण मधल्या काळात ती वैशाखातली पंगत होऊन गेलेली आहे.

तुम्हाला आठवत असेल. विदर्भातली मंडळी, गंगापूजन आटोपून जेवायला येणार, श्रीखंडाचं जेवण सांगितलेलं. आदल्या दिवसापासून वीज नाही. चक्का टांगलेला. मी सातवी-आठवीत असेन, केशर खलायला बसलेय, आणि तुम्ही सोवळं नेसून साखर फेटताय. पातेल्यातून वास येतोय. दह्याचा आंबट वास मला माहीत होता, हा तो नव्हता. मी पुढे वाकून नीट वास घेतला आणि म्हटलं, अप्पा, हे बिघडलंय. तुम्ही पातेल्याकडे बघितलंच नाहीत, माझ्याकडे बघितलंत. "नैवेद्याआधी वास घेतेस? उष्टं केलंस." मग मला बाहेर घालवलंत, पातेल्यावर गंगाजल शिंपडलंत आणि देवीपुढे ताट ठेवलंत. मी दाराबाहेरून घंटी ऐकतेय. पंगत बसली, श्रीखंड दोनदा फिरलं. कुणी काही बोललं नाही. तीर्थातल्या प्रसादाला कोण नाव ठेवणार?

संध्याकाळपर्यंत धर्मशाळेतून निरोप आला की बरीच माणसं आजारी आहेत. बाकीचे सावरले. त्यांच्यातली एक म्हातारी बाई दोन दिवसांनी गेली. मी तिला पाणी वाढलं होतं, तिने माझ्या वेणीचं कौतुक केलं होतं. ऊन फार होतं, तिचं वय झालं होतं, प्रवास झेपला नव्हता, असं सगळेच म्हणाले, आणि यातलं काही खोटं नव्हतं. मग तिचा मुलगा आला. मला वाटलं, हा आता तुमची गचांडी धरणार. त्याने तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. "आईचं सोनं झालं," तो म्हणाला, "काशीत, गंगापूजन करून, तुमच्या हातचं जेवून गेली." तुम्ही त्याला उठवलंत आणि म्हणालात, "भाग्यवान बाई." बस, एवढंच. तिच्या सुटकेचं पुण्य तुमच्या पदरात पडलं आणि पातेलं घासून पालथं झालं.

मी यावर पुष्कळ वर्षं तुमच्याशी मनात भांडत आलेय, आणि तुम्ही दरवेळी जिंकलात, कारण तुमच्या बाजूने अख्खी काशी उभी असते. इथे मेलेल्या माणसाबद्दल कुणी जाब विचारत नाही. विश्वनाथाने उचलली म्हणायचं की सगळ्यांचे हात धुतले जातात, स्वयंपाक्याचेसुद्धा. मला हे मान्य नाही, अप्पा. तेव्हा नव्हतं, आता तर मुळीच नाही. ती बाई मरायला आली नव्हती. परत जाऊन नातीच्या लग्नाच्या कुरडया घालायच्या होत्या तिला, पाणी वाढताना तिनेच मला सांगितलं होतं. तिला मोक्ष मिळाला असेल तर तो देवाने दिला. श्रीखंड आपण दिलं होतं.

आणि तुम्हालाही हे कळलं होतं. कारण त्यानंतर आपल्याकडे श्रीखंड झालं नाही. पाडवा असो, कुणी दुप्पट देऊ करो, तुम्ही बासुंदी करत राहिलात. कारण कधी सांगितलं नाहीत, आणि विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. तुम्ही श्रीखंड सोडलंत, रीत सोडली नाहीत.

तर मी एजंटला म्हटलं, भाईसाब, इथे लोक जेवायलाही येतात, अन्नाचं लिहा. त्याने खांदे उडवले आणि लिहायला घेतलं. स्वयंपाकघराचे फोटो काढताना सहज विचारलं, परोसने से पहले चखता कौन है? काका चुलीशी होते. त्यांनी अभिमानाने सांगितलं, कोणीच नाही, पहिला घास देवीचा. एजंटने हात जोडले. माझ्या मात्र लक्षात आलं की कागदावर कितीही रकमेचा विमा उतरवला तरी तो बाई मेल्यावरच कामाला येतो.

तो गेल्यावर मी काकांना म्हटलं, सह्या होतील त्या दिवसापासून प्रत्येक पातेलं चाखायचं, नैवेद्य काढायच्या आधी. त्यांनी झारा खाली ठेवला.

"अप्पांनी असलं कधी केलं नाही."

"म्हणूनच."

"देवीला उष्टं दाखवणार तू?"

"नासलेलं दाखवण्यापेक्षा बरं."

ते इंदूरला मुलीकडे जातो म्हणाले. खरंच जातील अशी मला भीती होती. त्यांच्या हातची आमटी गेली तर इथे येणार कोण, आणि मग मी विमा कशाचा उतरवणार? तरी मी शब्द मागे घेतला नाही. तुम्ही चाखणार नसाल तर मी चाखेन, म्हटलं, पण न चाखलेलं पान या स्वयंपाकघरातून बाहेर जाणार नाही. आठवडाभर ते माझ्याशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोलले.

आज सह्या झाल्या. श्रीखंड करायचं मी काकांना कालच सांगून ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी. चक्का त्यांनी रात्रीच टांगला होता. फेटून झाल्यावर त्यांनी एका वाटीत थोडं काढलं, कट्ट्याच्या कडेला ठेवलं, आणि पाय धुवून येतो म्हणून बाहेर गेले. पाय त्यांचे धुतलेलेच होते. मी वास घेतला, अगदी नाक खुपसून. मग चाखलं. चांगलं होतं, वेलची जरा जास्त. मग देवीपुढे ताट गेलं आणि मग खालच्या टेबलांवर.

काका दिवेलागणीच्या तयारीला लागलेत. हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही मी, नाहीतर फोटो पुसताना रोज वाचत बसेन. फाडून चुलीत घालेन. फक्त एक सांगायचं राहिलं. वाटी तोंडाला लावताना मी देवीकडे पाठ केली होती. उद्या करणार नाही असं लिहीत होते, पण करेन.