सालीची कँडी दुबईहून माहेरी आली

सौंसर,
मंगळवार

तीर्थस्वरूप मुकुंदमामांना सौरभचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. टेबलावर ड्रायरचे ट्रे रचून ठेवले आहेत, म्हणून खाली बसून मांडीवर लिहून राहिलो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीची शुगर? इकडे सगळे जिवंत आहेत, याच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. आई दिवसभरात चार वाक्यं बोलते, ती बी तुळशीशी. बाबा बोलतच नाहीत, नुसते टेप घेऊन मशीनची लांबी-रुंदी मोजत राहतात. फोन सोडून पत्र काऊन, त फोनवर तुम्ही ऐकायच्या आधीच हसता, आणि ही गोष्ट हसण्यासारखी असली तरी तूर्त हसायची नाही.

आईची संत्र्याच्या सालीची कँडी तुम्हाले माहीतच आहे. (साल गुराले घालतात बाई, असं म्हणत म्हणत तुम्ही दोन वाट्या संपवल्या होत्या.) तिनं मागच्या खोलीत साल वाळवायचा ड्रायर बसवला, तो बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानातले पाईप बाहेर काढून, तेव्हापासून बाबांचा त्या मशीनवर राग. मग दुबईचा एक व्यापारी भेटला, त्यानं पाकिटावर स्वतःच्या दुकानाचं नाव छापायले लावलं आणि मोठी ऑर्डर दिली. बोरगावचा तुषार माझ्यासंग कॉलेजात होता, आता नागपूरच्या ड्राय पोर्टवर लोकांचा माल सोडवून देते. (ड्राय पोर्ट म्हणजे असं बंदर, जिथं समुद्र पाहायचा त टीव्ही लावावा लागते.) त्यानं आईले समजावलं का काकू, इथं विकलं त जीएसटी, देशाबाहेर पाठवलं त शून्य. फक्त लिहून द्यायचं का माल खरंच बाहेर जाईन. साखरेवर, खोक्यांवर भरलेला टॅक्स बी वापस मिळते. आई इतकी खूश झाली का विचारू नका. म्हणे, पहा, मी बाहेर काही पाठवावं असं सरकारले बी वाटते, एक तुझ्या बापालेच वाटत नाही.

आता आईची सवय. घरातून कोणी लांब निघालं का ती त्याच्या बॅगेत जामसांवलीच्या मारुतीच्या शेंदराची पुडी टाकते. मी पुण्याले गेलो तेव्हा टाकली, वृषालीताई सासरी गेली तेव्हा टाकली. माल निघाला त मालाच्या बी टाकली. प्रत्येक खोक्यात पाकिटांची एक मोठी पिशवी, त्या पिशवीच्या तोंडाशी एक पुडी, कोणाले न सांगता. पुड्यांसाठी कागद लागला, तो तिनं माझ्या कपाटातून घेतला आणि एकेक पान फाडून दोन-दोन पुड्या बांधल्या. मामा, ती माझी कादंबरी होती. हातानं लिहिलेली, एकच प्रत, एकही पूर्णविराम नसलेली, जिच्यात मुख्य पात्र एक खुर्ची होती. मी विचारलं त म्हणे, एका बाजूनं कोरी होती न रे.

दुबईच्या तपासनीसानं खोकं उघडलं त खायच्या वस्तूत लाल भुकटी, आणि ती गुंडाळलेल्या कागदावर कोणालेच न समजणारा मजकूर. मालाच्या यादीत त्या भुकटीचं नाव नाही. (माझा त्याच्यावर राग नाही. मी त्याच्या जागी असतो त मी बी घाबरलो असतो, खासकरून मजकुराले.) सगळा माल नाकारून वापस नागपूरच्या ड्राय पोर्टवर धाडला. म्हणजे माझं साहित्य परदेशात गेलं, तपासलं गेलं आणि कारण देऊन वापस आलं. इथल्या संपादकांनी कारण कधीच दिलं नाही.

मले वाटलं, वापस आलं त आलं, घरचंच आहे, टेम्पो लावू न घेऊन येऊ. तुषार म्हणे, असं नसते बे. बाहेरून जे आलं ते इम्पोर्ट. माल आपलाच आहे हे सिद्ध झालं त जाताना जो टॅक्स भरला नव्हता तो आता भरायचा, पुढं इथं विकताना तेवढा टॅक्स वजा होते. सिद्ध नाही झालं त ती परदेशी कँडी. मग तिच्यावर ड्युटी, ड्युटी धरून जी किंमत होईन तिच्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे सोडवण्यापेक्षा नष्ट केलेली बरी. आईनं एवढंच विचारलं, "पोरगी माहेरी आली त तिले बी पाहुणी म्हणतीन का आता?"

आणि सिद्ध कसं करायचं? आपली खोकी तिकडं गोदामात भिजली, म्हणून आतल्या पिशव्या दुसऱ्या खोक्यांत टाकल्या. बॅच नंबर होते जुन्या खोक्यांवर. पाकिटांवर दुबईच्या दुकानाचं नाव, आणि माल भारताचा एवढंच. भारत केवढा मोठा आहे, हे मले पहिल्यांदाच इतकं टोचलं.

आईले घेऊन मी कस्टमच्या साहेबासमोर उभा राहिलो. माणूस वाईट नाही. त्यानं पिशवी उघडली, पुडी काढली, आईनं हात जोडले (पुडीले, साहेबाले नाही). मी सांगितलं का हे माझं अक्षर आहे. त्यानं चष्मा लावून अर्धं पान वाचलं, आणि मामा, खरं सांगतो, इतकं मन लावून मले आजवर कोणी वाचलं नाही. मग म्हणे, "ये तो आप अब भी लिख सकते हो. ऐसी एक पुड़िया लाओ जो देश से बाहर गई ही नहीं. फटा हुआ कागज़ जुड़ गया, तो मैं मान लूँगा." शुक्रवारपर्यंत वेळ दिला.

घरी येऊन पाहतो त बाबांनी रागारागात उरलेली पानं आणि पुड्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या होत्या. पाणी चांगलं तापलं, असं म्हणाले. कादंबरीवरचा हा एकच अभिप्राय. रविवारी पांढुर्ण्याचा कवडूशेठ ड्रायर विकत न्यायले येणार आहे, त्याले त्याच्यात मिरच्या वाळवायच्या आहेत. आईनं ट्रे स्वतःच घासून ठेवले. माझ्यासाठी वाईट नका वाटून घेऊ, मी दुसरी लिहीन, पूर्णविरामासकट. पण आई ट्रे घासत होती तेव्हा मले तिथं उभं राहवलं नाही.

मामीले नमस्कार. तब्येतीले जपा.

तुमचा,
सौरभ

ता. क. खरं काम आता लिहितो. भाऊबीजेले तुम्ही इथं आले होते, आणि ज्या दिवशी माल निघाला त्याच सकाळी तुम्ही बी निघाले. आईनं त्याच ढिगातली एक पुडी तुमच्या काळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकली. तुम्ही नेहमीसारखं दारात म्हणाले, असल्या गोष्टी मी मानत नाही, बसस्टँडवरच फेकून देईन. फेकली का?

ता. क. २. आई म्हणते, मुकुंद दरवर्षी म्हणते, पण फेकत नाही. त्याच्या बॅगेत सगळ्या वर्षांच्या पुड्या निघतीन. तसं असन त माझ्या अक्षराची तेवढी द्या, बाकीच्या पेपरात बांधलेल्या आहेत. आणि मी कोणाले सांगणार नाही.

ता. क. ३. पत्र तुषारच्याच हातानं पाठवलं आहे, तो दारात उभा आहे. त्याले चहा नंतर विचारा, आधी बॅग पाहा. पुडी नसन त त्याले नुसतंच वापस पाठवा, काही लिहून देऊ नका. मी समजून जाईन. आईले सांगीन का मामा घरी नव्हते.