पिशवीतला गूळ

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज घाबरून मी तुम्हालाच लिहायला बसले आहे. उद्या लोधीपुऱ्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरी समेटासाठी माझ्याकडे येणार आहेत. मारामारीपर्यंत गेलंय म्हणे. लोक म्हणतात, बाईंच्या हाताखाली शिकलेली आहे, हीच मिटवेल. घाबरटाला कोणी पंच करतं का?

नवं राज्य झालं, आपलं गाव हिंदी मुलखात राहिलं आणि आपली मराठी कन्याशाळा हिंदी शाळेत मिसळली. आम्ही 'बाई' म्हणायचो, तिकडच्या मुली 'बहनजी'. माठावरून, बसायच्या जागेवरून रोजची धुसफूस. त्यांच्यातल्या एका मुलीनं माझा पहिला नंबर नेला, आणि एक दिवस तिची पिशवी हौदात सापडली. पुस्तकांचा नुसता लगदा. तिचे वडील दारात उभे राहून शांतपणे बोलले, "बहनजी, जिसने किया वो खुद बोल दे, तो बच्ची कल से आएगी. नहीं तो घर बैठेगी."

त्या दुपारी तुम्ही आम्हा सगळ्यांना समोरासमोर बसवता. तुमची रीतच ती. आपली बाजू मांडायची नाही, समोरचीची सांगायची, तीही 'मी' म्हणून. माझ्या वाट्याला नेमकी तीच येते. मी बोलत सुटते. "माझी पुस्तकं भिजली. आईनं बांधून दिलेला गूळही गेला." गूळ पाण्यात केव्हाच विरघळला होता. त्याचं नाव तोवर कोणीच काढलं नव्हतं. पिशवी उघडून पाहिल्याशिवाय तो कळणं शक्यच नव्हतं. ती मान वर करून माझ्याकडे बघते. तुम्हीही बघता.

"आणखी काही सांगायचंय का गं?"

"नाही बाई."

तुम्ही रागावला नाहीत, माझं नाव घेतलं नाहीत. घंटा होईपर्यंत नुसत्या बसून राहिलात. वदवून घेतलेली कबुली तुम्हाला नकोच असायची. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. दोनेक वर्षांत इच्छापूरकडं तिचं लग्न लागल्याचं कानावर आलं.

उद्या एखादी पोर माझ्यासमोर अशीच खोटं बोलली, तर मी लगेच ओळखेन. त्याचीच भीती वाटते. हा कागद टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकला नसता. तुम्ही मला पाठीशी घातलंत, असं मी जन्मभर मनाशी म्हणत आले. तुम्ही माझ्या बोलण्याची वाट बघत होता, बाई. मला ते घंटेच्या आधीच कळलं होतं.