न बोलून केलेलं

लोणावळा,
१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

हमीदा आपा,

अस्सलामु अलैकुम.

तब्येत कशी आहे असं विचारायला हवं. पण ती कशी आहे हे मला ठाऊक आहे, आणि कसं ठाऊक झालं तेच सांगायला लिहिते आहे. फोन केला नाही. माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील असं वाटलं. बघ, सुरुवातच संशयाने झाली.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांमुळे अशपाकला गॅरेजमध्ये जेवायलाही उसंत नसते. निलोफर घरी नाही. तळेगावला माहेरी गेली आहे.

दिवाळीच्या आधीपासून ती दुपारी शिवणक्लासला म्हणून निघायची. मला ते पटत नव्हतं. शिवायला जाणाऱ्या बाईच्या पिशवीत कापड नको? परत आली की तिच्या ओढणीला मालिशच्या तेलाचा वास यायचा. धुवायला टाकायच्या निमित्ताने मी ती ओढणी हुंगायची. हो, इथवर गेले होते मी.

मग एक दिवस आक्काबाई म्हणाली. ही कान्ह्याची भाजीवाली, सकाळी लोकलने इथे येते, दुपारी परत जाते. "तुमची सून दिसली गाडीत. मी कान्ह्याला उतारले, ती फुडं गेली. म्हायेरला गेलती का?"

मी हसून "व्हय" म्हटलं. ती पाठमोरी होताच माझं डोकं फिरलं. अशपाक जेवायला बसला तेव्हा त्याला म्हटलं, "तुझी बायको क्लासला जात नाही. कुणाला तरी भेटते." त्याने तिला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "वाईट काही करत नाही. यापुढे विचारू नका." मला वाटलं, खरी असती तर बोलली असती.

पुढच्या खेपेला मी तिच्या मागे गेले. बुरखा घालून, शेजारच्या डब्यात. तळेगाव गेलं तरी ती उतरली नाही, तेव्हा मला आनंद झाला, आपा. पकडली, असं वाटलं. देहूरोडला उतरून ती बाजार ओलांडून गेली, मशिदीमागच्या गल्लीत वळली. ती तुझी गल्ली होती.

तुझी खिडकी उघडी होती. तू स्टुलावर बसली होतीस, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. तुला अर्धांगवायू झाला हे मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही असं घरात मीच बजावलं होतं. निलोफर लोट्याने तुझ्या हातावर पाणी घालत होती, नमाजआधीच्या वजूसाठी. तुझी बोटं एकेक सुटी करून धूत होती. तू म्हणालीस, "खैरूनला कळलं तर?" ती म्हणाली, "कळेल तेव्हा बघू, खाला. दुसरा हात द्या." तुम्ही दोघी हसलात. मला वाटलं, मलाच हसलात. मी तशीच परत फिरले.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

त्या संध्याकाळी अशपाकने आवाज चढवला. "कुठे जातेस ते आज सांग," म्हणाला. ती ओढणीची घडी घालत राहिली. मग तो माझ्याकडे वळला, "अम्मी, तुला काही माहीत आहे का?" मी मेथी निवडत होते. म्हटलं, "मला काय विचारतोस? तुझी बायको आहे." निलोफरने माझ्याकडे पाहिलं. तिने कपडे भरले आणि गेली.

अब्बा सांगायचे ते आठवतं ना? वजू करताना नुसतं पाणी घालू नका. हात धुताना हाताने काय केलं ते आठवा, तोंड धुताना जिभेने काय केलं ते. लहान गुनाह रोजच्या रोज वाहून जाऊ द्यावेत, साठले की मन काळं पडतं. त्या संध्याकाळनंतर रोज पहाटे फजरला मी हात धुते, तोंड धुते, आणि तिथेच थांबते. जिभेने मी त्या संध्याकाळी खोटं बोलले नाही. जे केलं ते न बोलून केलं. ते कुठल्या पाण्याने धुवायचं? तौबा केली, रडले. पण अब्बाच म्हणायचे, माणसाचा गुनाह त्या माणसानेच माफ करायचा असतो.

म्हणून आधी अशपाकला सगळं सांगितलं. दोन दिवस तो घरी जेवला नाही. मग तळेगावला गेले. निलोफरने चहा दिला. मी म्हटलं, "मी खिडकीशी होते. मला माहीत होतं."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही मेथीतून मान वर केली नाहीत."

"माफ करशील?"

"माफ केलं, अम्मी. पण परत कधी यायचं ते मी ठरवेन. त्यांनीही मला विचारलं नाही, जाब मागितला."

मी मान खाली घालून आले.

आता तुझं. माझ्या लेकीची, नसरीनची सोयरीक मोडली तेव्हा तूच पाहुण्यांच्या कानात काही घातलंस, असं मी धरून बसले. तू "नाही" म्हणालीस, मी ऐकलं नाही. खरं सांगू? आजही मनाचा एक कोपरा म्हणतो, घातलंच असेल. तो रोज घासते, रोज पुन्हा तसाच होतो. पण याबद्दल तुला परत कधी विचारणार नाही. माझ्याजवळ पुरावा तेव्हा नव्हता, आजही नाही.

निलोफर माहेरी गेल्यापासून तुझ्याकडे कोण येतं, माहीत नाही. शुक्रवारी दुपारच्या गाडीने मी येते. दार उघडलं नाहीस तर बाहेर बसेन, शेजाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. उघडलंस तर आधी माझं ऐकून घे, आणि माफ करायची घाई करू नकोस.

तुझी बहीण, हे लिहिताना हात थांबला, तरी लिहिते,
खैरून