चेटकिणीचे फासे

चिखली,
१६ जानेवारी २०२५

लाडके कोकिळे,

बरी आहेस ना? आमच्या सूनबाईच्या, प्रेरणाच्या हाती तीळगूळ पाठवला होता. ती सांगत होती, तू डबा घेतलास, पण तिला "बस" म्हणाली नाहीस.

आमच्याकडे सगळं ठीक. थंडीने गुडघे धरलेत. परवा स्टँडवर आपल्या कॉन्व्हेंटच्या मुली दिसल्या. रिबिनी अजून निळ्याच. प्रार्थनेत मला हसवून स्वतः सिस्टरांसमोर देवदूतासारखी उभी राहणारी तू आठवलीस.

रविवारी खेळ मांडला नाही. शेजारची पूनम विचारत होती, "काकू, चेटकीण कुठे गेली?" म्हटलं, तिला सर्दी झालीय.

कोके, ती चेटकीण मी रागाने रचली होती. प्रेरणाने पुण्याहून आणलेल्या या फाशांच्या खेळात तू, पूनम आणि ती अशा तुम्ही तिघींनी शूर व्हायचं आणि मी तुमच्यापुढे शत्रू उभे करायचे, एवढंच तर माझं काम. पहिल्या जादूगाराला तुम्ही चहा उकळायच्या आत लोळवलंत. तो एकटा, त्याचा एक डाव होईपर्यंत तुमचे तीन. "काकू, हा जादूगार होता का पापड?" पूनम म्हणाली, आणि तूही हसलीस. ते मला लागलं. म्हणून चेटकिणीला असा मंत्र दिला की ज्याच्यावर पडेल त्याचे हातपाय गोठतील. ना डाव, ना फासा. लढाई संपेपर्यंत नुसतं बसायचं. कागदावर छान वाटलं.

तो मंत्र खेळातल्या तुझ्या तलवारवालीवर पडला. त्या दोघी लढत होत्या आणि तू उजवा हात मांडीवर धरून गप्प. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय केलं. लकव्यातून तो हात परत यावा म्हणून वर्षभर चेंडू दाबत बसलेली तू, आणि तुलाच मी...

तेवढ्यावर थांबले असते तर तू हसून सोडून दिलं असतंस. पण तुझी तलवारवाली मरेल म्हणून मी घाबरले. माझे फासे तुम्हाला दिसू नयेत म्हणून लावलेल्या पुठ्ठ्यामागे चेटकिणीचे फासे चांगले पडत होते आणि मी "चुकला, चुकला" म्हणत गेले. तू उठलीस. पुठ्ठा बाजूला केलास.

"मले जितवून राह्यली का वं, मंजे? घरी पोरगा हातातून चमचा घेते, सून कंगवा घेते. इथंच तेवढं मले मरता येत होतं."

आणि तू चपला घालून निघून गेलीस.

मंत्र मी बदललाय. गोठलेल्याला आता दर फेरीत फासा टाकून सुटायची संधी आहे. सुटेलच असं नाही. चेटकिणीची बाकी ताकद तसूभर कमी केलेली नाही. पुठ्ठा फाडून टाकला. माझे फासे तुमच्या डोळ्यांदेखत पडतील. तुझी तलवारवाली मेली तर मला रडू येईल, पण मेली असंच म्हणेन.

रविवारी चार वाजता मांडते आहे. घ्यायला कुणाला पाठवत नाही. यायचं की नाही, तू ठरव.

तुला खरोखर हरवायची हिंमत गोळा करणारी,
मंजुश्री